पाटीवरची मोकळी पट्टी

चाळीस वर्षं मी ‘नये’च रंगवत आलो.
येथे वाहने लावू नयेत. येथे थुंकू नये.
परवानगीशिवाय आत येऊ नये.
मधे कधी शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढ्यांची नावं,
एखाद्या तालमीच्या दारावर गदा.
मग फ्लेक्स आला
आणि माझे ब्रश डब्यात उभ्या उभ्या वाळले.

फादर रॉकी म्हणाले, सिमोन, एक पाटी कर.
फाटकावर लावू. सगळ्यांच्या भाषेत ‘या’ म्हणायचं.
मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण?
ठाऊक होतं की कोण.
चौथा बाक माझा. त्याआधी बाचा.
हल्ली त्यावर शिरोलीच्या फौंड्रीतली पोरं बसतात,
केसांत काळी वाळू घेऊन,
आणि मी मागं उभा राहून मिस्सा ऐकतो
खांबाकडं बघत.

तरी पत्रा आणला. घासला.
रेड ऑक्साइडचा हात दिला, वर पांढरा.
दोरा खडूत बुडवून पाच पट्ट्या मारल्या.

पहिल्या पट्टीत मराठी. डोळे मिटूनही झालं असतं.
दुसरीला आजऱ्याच्या इनास बारदेस्करांनी सांगितलं, येवकार.
आजोबांच्या तोंडचा शब्द, म्हणाले,
घरात आता कोण बोलतंय.
असं म्हणून बराच वेळ शिडी धरून उभे राहिले,
गरज नसताना.

ब्लेसी सिस्टर नाइट ड्यूटी करून आली.
औषधाच्या चिठ्ठीमागं तिनं मल्याळम काढून दिलं,
सगळी वळणंच, रेघ कुठं सरळ नाही.
वाचून दाखव म्हटलं. म्हणाली, स्वागतम्.
म्हणजे आमचाच शब्द की,
फक्त शेवटी ओठ मिटलेला.
तीन वेळा पुसलं, चौथ्यांदा जमलं.
ती तोवर पायरीवर बसून पेंगत होती.

सगायमेरीनं तमिळ सांगितलं, नल्वरवु.
चांगलं येणं, असा अर्थ.
उकार थोडा चुकला माझा. तिनं चालवून घेतला.

राहिली पाचवी.
अनुरंजन केरकेट्टाला गाठलं, चौथ्या बाकावरच्याला.
सिमडेग्याकडचा. हातावर भाजल्याचे डाग,
रस उडालेला.
म्हटलं, तुमच्या बोलीत काय म्हणतात पाहुण्याला?
तो विचारात पडला.
‘म्हणत नाही काका, काही.
लोटा आणतो. हातावर पाणी घालतो.
मग तो घरात येतो.’

आता पाणी कसं रंगवायचं?
लोटा काढून बघितला, तो हौदावरच्या तांब्यासारखा झाला.
पुसला.
पट्टी तशीच ठेवली, पांढरी.

रविवारी पाटी चढली.
कोण म्हणालं, पेंटरचा रंग संपला.
कोण म्हणालं, कुणाचं तरी नाव खोडलंय.
फादरनी विचारलं नाही.
मी घरून तांब्या नेला, पितळी, लग्नातला,
आणि पाटीखाली बादलीशेजारी ठेवून दिला.
दिवसभर कुणी हात लावला नाही,
एका कुत्र्याशिवाय.

संध्याकाळी दुसऱ्या मिस्सेला अनुरंजन आला,
पाळी सुटल्यावर थेट. पाटीपुढं थांबला.
ती मोकळी जागा त्यानं वाचली
जशी बाकीच्यांनी आपापली ओळ वाचली होती.
मग तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आता मलाच उठणं भाग होतं.
गुडघा कुरकुरला. वाकलो. तांब्या बुडवला.
त्यानं दोन्ही तळवे पुढं केले
आणि मी पाणी घातलं.
काळं पाणी जास्वंदीच्या आळ्यात गेलं,
दुसऱ्या तांब्याला करडं, तिसऱ्याला नुसतं पाणी.

हात झटकत तो म्हणाला,
‘काका, तुमच्याकडं काय करतात, पाहुणा आला की?’

म्हटलं, गूळपाणी देतात.

उभ्या जन्मात गुळाच्या किती पेढ्या रंगवल्या असतील,
पण शेवटचं कुणाला दिलं होतं
ते आठवेना.