हिराकस

जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या बागेत
पाच कांचनं लावली, शोभेची.
गुलाबी फुलं येतील, म्हणाला होता नर्सरीवाला.
पानांचं काही बोलला नव्हता.

भाद्रपदात पानं पिवळी पडू लागली.
म्हणजे जुनी नव्हेत. जुनी तशीच,
हिरवी, जाड, धूळ खात.
शेंड्याची कोवळी पिवळी,
शिरा तेवढ्या हिरव्या,
बारीक कुंचल्यानं ओढल्यासारख्या.

हत्तुरे सर म्हणाले, पिकलं पान गळायचंच.
पण ही तर अजून नीट उघडलीही नव्हती.
कुणी म्हणालं वाळवी, कुणी मोबाईलचा टॉवर.
मी बागेच्या वहीत लिहिलं :
झाड क्र. २, ३, ५. पाणी वाढवणे.
बोअरचं पाणी वाढवलं.
पिवळं वाढलं.

मग आले ब-७ मधले मल्लेशम गाजुल,
एकतीस वर्षं चादरीच्या सुताला रंग दिलेले.
पान उन्हाकडे धरलं, उलटं केलं,
अंगठ्यानं चोळलं.
"रंग बसंना झालाय की वो.
पाणी जड, माती चुनखडी.
लोखंड हाय खाली, पर झाडाला उचलंना."
मग बराच वेळ गप्प.
"असं सूत निघालं तर मालक
आख्खी लडी परत बुडवाया लावायचा.
हितं काय बुडवायचं?"

दुसऱ्या दिवशी डालड्याच्या डब्यातून
हिराकस घेऊन आले, काचेसारखे हिरवट खडे.
त्यांचे वडील यानंच काळा पक्का करायचे म्हणे.
बादलीत खडे विरघळवले, दोन लिंबं पिळली.
बागेत जुन्या खिळ्यांचा वास सुटला.

दसऱ्याला पोरांनी नेमकी तीच पानं ओरबाडली,
आपटा समजून.
हत्तुरे सरांनी माझ्या हातावर एक ठेवलं,
सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.
होतंही ते सोन्यासारखं, हिरव्या जरीचं.
मल्लेशम कुंपणापाशी बादली घेऊन उभे.
"लोखंड मागतंय वो ते," म्हणाले,
"आन तुमी सोनं म्हनताय."

दिवाळीनंतरची नोंद :
क्र. ३, नळाकडची एक फांदी हिरवी.
क्र. २, तसंच.
क्र. ५, काढून टाकणे.

त्या पानाखाली त्यांनी सही केली होती,
ओल्या हातानं वही धरून.
अंगठ्याचा तपकिरी डाग
मी दोनदा पुसून पाहिला.
तो मात्र बसलाय.