मुंग्या

फेब्रुवारीत बंद होणार होतं, मग म्हणाले जूनमध्ये.
सरकारलाही मुहूर्त सापडत नव्हता.
चाळीस डॉलरची कूपनं जानेवारीतच संपली,
यादीत नाव लावा म्हणाले,
आणि मनाँगहेला नदीच्या या वळणावर, माझ्या दुकानात
रोज कुणीतरी यायचं विचारायला:
मर्ल, आमचा टीव्ही मरणार का?
मी म्हणायचो, टीव्हीला काही होत नाही.
हवा बदलतेय.

एकेचाळीस वर्षं मी टीव्हीची पोटं उघडली.
धूळ, जळकी वायर, कुणाची तरी हरवलेली कानातली,
एकदा तर उंदराची तीन पिल्लं, उबेला आलेली.
या दरीत चित्र कधी धड आलंच नाही.
मनोरा डोंगरापलीकडे;
बातम्या सांगणाऱ्याच्या उजव्या खांद्याला
कायम त्याचंच एक भूत चिकटलेलं.
आम्ही दोघांवरही विश्वास ठेवायचो.

छपरावर एक जण, खिडकीत एक जण.
दिसतंय का?
थोडं डावीकडे.
आता?
होतं, गेलं. मागे ये. तिथेच थांब.
अख्खी लग्नं टिकली या एवढ्या बोलण्यावर.

छपरावरचा म्हणजे एमिल हलुस्का.
कोक भट्टीची पाळी संपवून, डबाही न ठेवता, शिडीवर.
खिडकीत व्हर्ना.
गेल्या थँक्सगिव्हिंगला, टर्की कापता कापता
त्याची उजवी बाजू गेली.
गेली म्हणजे अगदीच नाही.
हाताला मुंग्या येतात म्हणतो, व्हर्ना सांगत होती.
(ते स्लोव्हाक लोक. त्याच्या आईच्या भाषेतही हाताला मुंग्याच येतात,
आणि पडद्यावर येतात त्यांनाही तो तेच म्हणायचा.)
मुंग्या आहेत तोवर बरं, असं डॉक्टरांचं म्हणणं.

बारा जून, शुक्रवार. मी डबी घेऊन गेलो.
कूपनावर मिळाली म्हणालो. खोटं.
जोडली, आणि चित्र असं आलं
की तिघंही गप्प.
हवामान सांगणारीच्या हनुवटीवर तीळ होता.
वीस वर्षं रोज बघत होतो तिला.
बिचारी किती थकलीये, व्हर्ना म्हणाली.

मग खालच्या रस्त्यावरून एक मालट्रक गेला
आणि ती बाई चौकोन चौकोन झाली,
एक डोळा कपाळात, अर्धा नकाशा गालावर.
मग काहीच नाही. निळा पडदा.
मी समजावलं: आता हे असंच.
एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही.
मधलं काढून टाकलंय.

एमिलने डावा हात उचलला.
त्याला बोलायला वेळ लागतो,
शब्द डोंगर ओलांडून यायचे असतात.
व्हर्ना थांबते, मान जरा तिरकी करून,
पूर्वी खिडकीत थांबायची तशी.
मु, म्हणाला. मुंग्या.
मी वाकून त्याचा हात चोळायला लागलो.
त्याने मान हलवली. हात नाही.
हनुवटीने टीव्ही दाखवला.

मी डबीची वायर काढली.
जुनं चॅनल अजून काही तास होतं.
आम्ही तिथेच बसलो, बियर गरम होईपर्यंत,
बातम्यावाला आणि त्याचं भूत
एकाच वेळी शुभरात्री म्हणाले,
आणि मग पडदाभर त्या आल्या,
पांढऱ्या, काळ्या, घाईत,
कागदावर साखर सांडल्यासारखा आवाज करत.
दिसतंय का? व्हर्नाने विचारलं.
कुणाला, ते मला कळलं नाही.

सोमवारी जाऊन डबी परत लावली.
तिला तिची बाई हवी होती, तिळासकट.
सप्टेंबरात मी दुकानाचं शटर ओढलं;
फुटपाथवर टाकलेले टीव्ही न्यायला
पालिका आता माणशी नाही, नगाप्रमाणे पैसे घेते.

एमिल डाव्या हाताने वायर काढायला शिकलाय.
रात्री, ती झोपल्यावर, नऊ नंबर लावून बसतो.
काय करतोस रे, मी विचारलं.
त्याने बराच वेळ घेतला.
मोजतोय, म्हणाला.