उचलणारा

फोन हरवला गंगावेशीत, दूध कट्ट्यावर.
एका हातात फेसाळ ग्लास, काखेत पावतीपुस्तक,
म्हशीनं शेपूट मारलं म्हणून वळलो, तेवढ्यात.
कुलूप नव्हतं त्याला.
गुळाच्या अडत्याकडे लपवण्यासारखं काय असतं?

आदल्या रात्री एक कोरियन पिक्चर आम्ही अर्धा सोडला होता.
त्यातही एकाचा फोन हरवतो.
त्रिशला म्हणाली, खालची अक्षरं पळतात हो,
माणूस बोलून जातो आणि मी अजून मागच्याच वाक्यात.
मी म्हणालो, झोप.

तिच्या फोनवरून माझा नंबर लावला.
कुणीतरी उचलला. बोललं नाही.
मागं लोखंडावर हातोडा पडत होता.
उद्यमनगर, मी ओळखलं,
आणि तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.
"मालक, नीट बोला की.
दिसभर असलंच ऐकतोय मी."
कट.

दुसऱ्या दिवशी पाच हजार कबूल केले.
"पैसं नगोत. हात जोडतो, म्हणा एकदा."
सौदा चालू होता,
गुळाच्या रव्यांपाशी चार माणसं कान देऊन उभी.
नाही म्हणालो.

तिसऱ्या रात्री त्यानं विचारलं,
"‘घर’ म्हंजे कोण?
सतरा मेसेज हायत. एकबी उघडला न्हाई तुमी.
वाचून दावू?"
खबरदार, मी ओरडलो.
शेजारी त्रिशला वाटाणे सोलत होती.
तिनं मान वर केली नाही.

शनिवारी दुपारभर दुकानातून लावत राहिलो.
आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता,
ते दुसऱ्या कॉलवर आहेत.
ते दुसऱ्या कॉलवर आहेत.

रविवारी फोन आपणहून आला,
दुकानाच्या फळीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून,
काच पुसलेली, चार्जिंग भरलेलं.
दर, पट्ट्या, येणी, सगळं जागच्या जागी.

सतरा मेसेज वाचायला घेतले.
पहिला: येताना हिंग.
चौथा: डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी सोबत कुणीतरी आणा.
पाचवा: राहू दे, जाऊन आले.
नववा: आहात का?
दहावा उघडला नाही.

मग तिचा फोन हातात घेतला, का ते सांगता येत नाही.
तिच्याकडे माझं नाव ‘मगदूम गूळ’.

शनिवार, सव्वातीन.
मगदूम गूळ.
बेचाळीस मिनिटं.

आत ती भांडी लावत होती,
वाटीवर वाटी,
मला जाग येऊ नये अशा बेतानं.