नियम सातवा

एजी ऑफिसात चौतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या खर्चावर लाल पेन्सिल फिरवली.
आता जनकगंजात, छापखान्याच्या वरच्या खोलीत
कै. यमुनाबाई पागनीस संगीत साहाय्य निधीची वही सांभाळतो.
गाण्यातलं मला काही कळत नाही.
भूप आणि देशकार वेगळे असतात म्हणे;
पावती खरी की खोटी, एवढं मात्र नजरेनं सांगतो.

निधी म्हणजे मोरारचा विकलेला एक प्लॉट
आणि त्याची बँकेत पडलेली ठेव.
व्याज साडेनऊ होतं तेव्हा सात मुलं शिकायची.
व्याज उतरत गेलं,
आता चार.
तिघं मंद्र सप्तकात गेली, असं एकदा सभेत म्हणालो.
कुणी हसलं नाही.

दर तिमाहीला पावत्या येतात.
तबल्याची शाई, साडेतीनशे.
हजिऱ्याहून टेम्पोचं भाडं, बाराशे साठ.
सारंगीच्या तारा, गजाचे केस
(कुठल्या घोड्याचे, ते विचारत नाही).
एकीनं गॅस सिलिंडरची पावती जोडली,
मागे लिहिलं, चहा झाल्याशिवाय बाबा रियाजाला बसू देत नाहीत.
‘साधनेस आवश्यक’ असा शेरा मारून पास केली.

मग हरिओम कुशवाहचं पत्र.
वय चौदा. वडील दगड तासतात,
उत्पन्नाच्या रकान्यात ‘जसं काम तसं’.
गेल्या साली चाचणीला त्यानं तार षड्ज लावला
तेव्हा परीक्षकांचे हात थांबले,
खाली छापखान्याचं मशीनसुद्धा थांबलं.
(वीज गेली होती, पण ते मला नंतर कळलं.)

पत्र हिंदीत, वहीच्या फाडलेल्या पानावर.
साहेब, माझा आवाज फुटलाय.
वर गेलो की बिजागरी करकरते.
गुरुजी म्हणतात थांब, वर्ष लागेल, दोनही लागतील,
मग काय उरेल ते तेव्हा बघू.
तर या तिमाहीचे साडेचार हजार परत पाठवू का?
अकराशे खर्च झालेत, ते हप्त्यानं देईन.

नियम पाचवा स्पष्ट आहे:
साधना खंडित झाल्यास रक्कम परत घ्यावी.
सहसचिव दिघे म्हणाले, यादीत पुढची मुलगी उभी आहे.
खरंच उभी आहे. तिचं नाव मला पाठ आहे.
तिच्याकडे आवाज आहे, पेटी नाही.

रात्री जेवताना आठवलं माझं चौदावं.
हजेरीला ‘हजर’ म्हणायचो, त्याचे दोन तुकडे पडायचे,
एक बापाचा, एक माझा.
माझ्याकडे कुणी पैसे परत मागितले नव्हते.
कुणी दिलेच नव्हते.

सकाळी निधीची घटना पुन्हा वाचली,
ऑडिटवाला वाचतो तशी, शेवटाकडून.
नियम सातवा: वाद्य दुरुस्तीस गेले असता
हप्ता चालू राहील.
कुठलं वाद्य, ते बाईंनी लिहिलेलं नाही.
मुदतही घातलेली नाही.

लिहिलं मी: वाद्य, कंठ. दुरुस्ती चालू.
दिघ्यांनी चष्मा काढला, पुसला, सही केली,
आणि म्हणाले, त्या मुलीचं काय?
त्या मुलीचं काय, ते मला अजून माहीत नाही.
दाणाओळीत एक जुनी पेटी आहे, साडेसहा हजार सांगतात,
भात्याला ठिगळ आहे, पण सूर बरे आहेत, असं दुकानदार म्हणतो.
पेन्शन एक तारखेला जमा होते.
विचारून आलोय फक्त.

हरिओमच्या नावापुढे पावतीचा रकाना रिकामा आहे.
रिकाम्या जागेत तिरकी रेघ मारायची,
मागाहून कुणी काही घुसवू नये म्हणून,
ही चौतीस वर्षांची सवय.
पेन टेकवलं होतं.
उचललं.
गाणारे कशाला तरी ‘जागा’ म्हणतात,
माना डोलावतात.
मला त्यातलं कळत नाही.