मराठी प्रत

उद्यमबागेच्या मागच्या रस्त्याला आमचं शेड.
अठ्ठावीस बॅरल, एक काटा, एक टेबल,
टेबलाशी मी आणि वही.
भरमा हुंदरे तीनचाकी घेऊन
पिरनवाडी, मच्छे, पार खानापूरपर्यंत
गॅरेजं धुंडायचा, इंजिनातून काढलेलं
काळं तेल गोळा करत.
गाळून आम्ही ते फौंड्रीवाल्यांना द्यायचो.
भट्टीतून पंपांच्या बॉड्या निघायच्या,
कुठल्या कुठल्या गावांना जायच्या.
धूर इथंच राहायचा.

वहीचं प्रत्येक पान खालच्या कोपऱ्यात
आरपार दिसतं. माझा अंगठा.
पंगतीत बायका जरा सरकून बसायच्या,
"काय गे मथुरा, आज पण शेडवर गेलीस?"
मी न्हाऊन गेलेली असायची.

मार्चात नोटीस आली.
भट्टीत काळं तेल बंद. फर्नेस ऑइल बंद.
नोंदणी नसलेली शेडं बंद. मुदत नव्वद दिवस.
तीन पानं कन्नडात,
आणि पाठीमागं, टाचणी लावून,
मराठी प्रत.

नागोजी बोकमूरकर, आमचे मालक, खुर्चीतून उठले.
ह्या प्रतीसाठी ते दोनदा
हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आलेले.
उताऱ्याची द्या, बिलाची द्या,
निदान बसच्या पाटीवर एक ओळ द्या.
चष्मा लावून त्यांनी चूक शोधली,
वेलांटी, उकार, काहीतरी.
सापडली नाही.
"बंद करा म्हणतंय," ते म्हणाले,
"बरं लिव्हलंय खरं."

भरमा म्हणाला, शिनोळीला नेऊ की,
हाकेच्या अंतरावर महाराष्ट्र लागतंय.
"तिकडं काय भट्टीतनं अत्तर निघतंय?" मालक.
तरी रात्री तीन बॅरल गेले.
ते मी वहीत लिहिलं नाही.

मग वीणा हुक्केरी आली, प्रदूषण मंडळाची,
माझ्या मुलीच्या वयाची.
शेडकडं तिनं बघितलंसुद्धा नाही,
सरळ मागं, विहिरीवर.
दोरीला बाटली बांधून सोडली.
वर आलेल्या पाण्यावर जांभळं, हिरवं,
मोराच्या मानेसारखं फिरत होतं काहीतरी.
"कुडीतीरा?" तिनं विचारलं. पिता का.
म्हटलं, नाही, वापरायला.

वापरायला म्हणजे भांडी. म्हणजे कपडे.
म्हणजे उन्हातून आल्यावर भरमा
बादलीला तोंड लावायचा, नको म्हणेपर्यंत.
एकवीस वर्षं मी लिटर लिहिले.
घोट लिहिले नाहीत.

आता बागेत गॅस येतो, पाइपातून.
रस्त्याकडेला पिवळे खांब, खोदू नका म्हणणारे.
मोठ्या फौंड्र्या जोडून घेतल्या.
लहान चार बंद पडल्या, एकीत
मांडववाल्याच्या खुर्च्या ठेवल्यात, लाल कापडाच्या.
भरमा कोगनोळीच्या अलीकडं पंपावर लागला,
तिथं पलीकडच्या गाड्या थांबतात,
डिझेल दोन पैसे स्वस्त म्हणून.
आमच्या घरात सीमेनं पगार दिलेला
असा तो पहिलाच, मी त्याला चिडवते,
घरातलाच म्हणायचा तो.
खोकला आहे त्याला. धुळीचा, म्हणतो.

मला गॅसवाल्यांनी मीटरचे आकडे लिहायला घेतलं.
पहिल्या दिवशी शिकवलं:
गॅसला स्वतःचा वास नसतो,
मुद्दाम घालतात, गळला तर कळावं म्हणून.
मी विचारलं, वास कितीला पडतो?
सगळे हसले.
आमच्याकडं तो फुकट होता,
केसांत, पदरात, भाताच्या डब्यात,
आणि कळलं काय?

विहिरीचा रिपोर्ट आठ महिन्यांनी आला.
आकड्यांचं एक पान, खाली शिक्का, सगळं कन्नडात.
मालकांनी घडी घातली, खिशात ठेवला.
मी म्हटलं, मराठी प्रत मागूया की.
ते विहिरीच्या कठड्याकडं बघत होते.
"राहू दे," म्हणाले.