अठ्ठावीस मिलिमीटर

टाचेपासून डोळ्यापर्यंत अठ्ठावीस मिलिमीटर.
पागोटं धरत नाहीत, भाला धरत नाहीत.
उद्यमबागेत छत्तीस वर्षं पॅटर्न केले,
पंपाचे, गिअरबॉक्सचे, एकदा एका देवळाच्या घंटेचा;
धातू निवताना किती आकसतो
हे बोटांना पाठ आहे.
आता कथलाची ही माणसं ओततो,
काखेतली साच्याची शिवण कानशीनं घासतो,
आणि साबणाच्या पाण्यात एकेकाला
तान्ह्यासारखी अंघोळ घालतो.

मग अस्तर. राखाडी.
अस्तर लागलं की सगळे एका गावचे दिसतात.

शनिवारी बसलिंग हुक्केरी येतो
गोकाकाहून, सव्वानवाच्या बसनं.
बुटाच्या खोक्यात कापसावर झोपलेलं घोडदळ,
खिशात करदंट.
आमची लढाई कुठल्या बखरीत नाही.
मलप्रभेच्या उतारावर, खानापूरच्या खाली कुठंतरी;
सालसुद्धा ठरवलेलं नाही,
तोफा आल्यात, रेल्वे यायचीय, एवढंच.
नदी म्हणजे निळा ऑइलपेंट मारलेली प्लायवूडची पट्टी,
झाडं म्हणजे भांडी घासायचा काथ्या.
सहा पडला की तो कानडीत ओरडतो,
एक पडला की मी मराठीत.
शिवी दोघांचीही बेळगावची.

भांडण झालं ते रंगावरून.
शहापूरच्या एका म्हाताऱ्या विणकराला मी विचारलं होतं,
पगार थकलेल्या शिपायाचा अंगरखा कुठल्या रंगाचा?
तो म्हणाला, कुठला असतंय?
धुऊन धुऊन जे उरतंय ते.
म्हणून माझ्या पायदळाला मी
चहाच्या गाळासारखा रंग पातळ करून दिला,
कोपरावर, गुडघ्यावर आणखी फिका.
बसलिंगचे स्वार मात्र झळझळीत,
जणू आत्ताच शिंप्याकडून निघालेत.
"हे लढायला आलेत की लग्नाला?"
"मरायचंच आहे तर नवं घालून मरू दे की," तो म्हणाला,
"आमच्यात शेवटी नवंच घालतात."

मी काथ्याचं एक झाड उचलून
उगाच दुसरीकडं ठेवलं.
मागच्या मार्गशीर्षात त्याच्या बायकोला नेसवलेलं
हिरवं इरकल मी पाहिलं होतं, लाल काठाचं.
त्याच्या फौजेत घोड्यांमागं एक पाणी वाहणारी बाई आहे.
फासा काहीही पडो,
तिच्यावर माझी तोफ लागू होत नाही.
हा नियम कुठं लिहिलेला नाही.

यंदा नोव्हेंबरची पहिली तारीख शनिवारीच आली.
एका रस्त्यानं ढोल, दुसऱ्या रस्त्यानं काळ्या फिती,
दुकानांची शटरं अर्धी.
बस नव्हती; तो दुधाच्या टेम्पोतून आला.
इंदूनं खिडकी लावून घेतली.
टेबलावर माझा निशाणवाला, हातात कोरा कागद,
दोन सेंटिमीटर बाय तीन.
जी बाटली उचलावी
ती बाहेरच्या कुणाची तरी निघायची.
पांढरं ठेवावं तर शरण आलो म्हणतील.
मी बाटल्या वर करतो, खाली ठेवतो, हे
बसलिंग बराच वेळ बघत राहिला.
मग ब्रश ओठांत धरून टोक काढलं,
आणि माझ्याच चहाच्या गाळात बुडवला.
"ऊन खाल्लंय, धूर खाल्लाय,
तीन पावसाळे काठीवर होतं, असं समज."
घडीच्या आतली सावली त्यानं अशी दिली
की वारा कुठून येतोय ते कळावं.

दुपारच्या डावात
त्याच्याच तोफेनं तो निशाणवाला उडवला.
नियम म्हणजे नियम.

डोळे तेवढे राहिलेत.
हात हल्ली हलतो. एकवीसजण फळीवर
आंधळे उभे आहेत.
इंदू म्हणते, राहू देत, एवढंसं कुणाला दिसतंय?
मी कोपर टेकवतो, श्वास धरतो,
ट्रिपल-झिरो ब्रशच्या शेवटच्या दोन केसांवर
काळ्याचा एक कण.
काल रात्री नगारजी पोराचा ठिपका चुकला.
खरवडून काढावा म्हणून नख लावलं,
आणि राहू दिलं.
बाकीचे नदीकडं तोंड करून.
तो तिरका, दाराकडं बघतोय.