वसंतात: बेल्ट

अ‍ॅश्टाब्युला बंदराशी, उचलपुलाच्या अलीकडे,
एका गराजाचं शटर अर्ध्यावर अडकलेलं.
वाकून आत गेले. तिथे ती.
जांभळट, गोलमटोल, चाकांवर फुगलेले गाल,
कपाळ उंच, नाकाशी क्रोमची जाळी.
पीटी क्रूझर. कारखान्यातून निघाली दोन हजार सहा साली
आणि जन्मतःच सत्तर वर्षांची.

मी पुठ्ठा आणलाय, खाली अंथरायला.
टॉर्च. आणि फ्रिजवरचं चुंबक,
मुलीचं, टरबुजाची फोड.
गाडी बघायला एवढं पुरतं. उरलेलं नाक बघतं.

आउने हापाला दारात खुर्ची टाकून बसल्यात,
ब्याऐंशीच्या, मांडीवर किल्ल्या.
"बघ निवांत. मला घाई नाही.
डोळ्यांच्या डॉक्टरला होती."

चुंबक दारावर टिकतं. बॉनेटवर टिकतं.
मागच्या कमानीवर ठेवलं
तर टरबूज घरंगळून जमिनीवर.
पुट्टी.
"इथे काय झालं होतं?"
"काही नाही," म्हणाल्या.
आणि बऱ्याच वेळाने, "पोस्टाची पेटी."

पुठ्ठ्यावर पाठ टेकून खाली सरकते.
इकडे पाच महिने रस्त्यावर मीठ पडतं,
लोखंड मुरत जातं, आवाज न करता.
उंबरठ्याच्या पट्टीत बोट गेलं, पेरभर.
पुढच्या रबरांना भेगा.
एक थेंब तेलाचा, पडू की नको म्हणत लोंबतोय.

वरून त्यांचा आवाज:
"एइनोच्या वडिलांकडे अशी होती म्हणे. खरी जुनी.
तीत मासे, पाच पोरं, एकदा तर शवपेटीसुद्धा.
ही शोरूममध्ये दिसली आणि तिथेच रडला बाबा,
सेल्समननं कागदी रुमाल दिला.
मला कधीच आवडली नाही. बुटासारखी दिसते."

मी हसले, आणि कपाळ सायलेन्सरला लागलं.

चालवून पाहिली.
वळायला अख्खं बंदर लागतं हिला.
हीटर लावला की गोडसर वास, म्हणजे पाणी कुठेतरी झिरपतंय.
काचेची बटणं डॅशबोर्डच्या मध्यावर,
मी प्रत्येक वेळी दार चाचपते.
मागची डावी काच उतरते, चढायचं नाव नाही.
हेडलाइटमध्ये मोतीबिंदू.
छताचं कापड सुटून केसांना लागतं.
म्हातारपणाचं सोंग घेऊन आलेली ही,
आणि खरं म्हातारपण मागच्या दारानं आलं
तेव्हा त्याच्या अंगावर क्रोम नव्हतं.

"टायमिंग बेल्ट बदललाय?"

त्यांनी कप्प्यातली वही काढून दिली.
एइनोचं अक्षर. दर तीन हजार मैलांना तेल,
टायरची हवा, वायपर, पेट्रोलचा भाव सेंटसकट.
पहिली पानं छापल्यासारखी,
मग ओळी उताराला लागतात,
मग पेन्सिल.
शेवटची नोंद ब्याण्णव हजार मैलांवर:
वसंतात: बेल्ट.
पुढे कोरं.

मागणी बावीसशे डॉलरची.
बेल्ट, पंप, रबरं, ती झिरपणारी नळी,
मनातल्या मनात एकेक वजा करत गेले.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही;
पाकिटात सोळाशे, आणि त्यातच मुलीच्या दातांची तार.
"चौदाशे," मी म्हटलं, पुट्टीकडे बघत.
त्यांनी पण पुट्टीकडेच बघितलं.
"साडेचौदा. आणि खुर्ची आत नेऊन ठेव."

ठेवली.
किल्ल्या दिल्या त्यांनी, कागद दिले,
वही मात्र छातीशी.
मग काय वाटलं कोण जाणे, शेवटचं पान
शिवणीपासून सावकाश फाडलं,
घडी न घालता माझ्या हातात दिलं.
"हे तुझं काम. बाकीचं माझ्याकडे राहू दे."

शटर दोघींनी खांद्यानं वर ढकललं.
बाहेर ऑक्टोबर.
वसंत पाच महिने मिठापलीकडे.
पान मी सन व्हायझरला खोचलं
आणि रिव्हर्स टाकला,
पोस्टाच्या पेटीकडे लक्ष ठेवून.